स्वालबार्ड : संहाराकडून निरीक्षणाकडे

उत्तर ध्रुव प्रदेशातील स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या किनाऱ्याने आज लहान जहाजांतून पर्यटक ध्रुवीय अस्वले व वॉलरस पाहत जातात. या निरीक्षणामागे संहाराचा दीर्घ इतिहास आहे. १५९६ मध्ये डच दर्यावर्दी विलेम बॅरेंट्स याने ही बेटे पाहिली. सतराव्या शतकात डचांनी स्मीरेनबर्ग येथे देवमाशांच्या चरबीचे तेल काढण्याच्या भट्ट्या उभारल्या. परिणामी तेथील बोहेड देवमासा जवळजवळ नामशेष झाला. वॉलरस व अस्वलेही शिकारीतून सुटली नाहीत.

१९२० च्या करारान्वये बेटांवरील नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य झाले व निसर्गरक्षणाचा अधिकारही त्या देशास मिळाला. या करारावर तत्कालीन हिंदुस्थानच्या वतीनेही स्वाक्षरी झाली होती. पुढे वॉलरसला १९५२ मध्ये, तर अस्वलाला १९७३ मध्ये संरक्षण लाभले. १ जानेवारी २०२५ पासून संरक्षित क्षेत्रांत २०० हून अधिक प्रवाशांच्या जहाजांना मज्जाव असून अस्वलापासून किमान ३०० मीटर, मार्च ते जूनमध्ये ५०० मीटर, अंतर राखणे बंधनकारक आहे.

वॉलरसची संख्या पुन्हा वाढली, यावरून कायद्याचे सामर्थ्य सिद्ध होते. परंतु अस्वलाचा आधार असलेला समुद्रबर्फ तापमानवाढीने घटत आहे, आणि ते पाहण्यास येणारे जहाजही इंधन जाळीतच येते. हा प्रश्न केवळ अंतराच्या नियमाने सुटणारा नाही.