तैलरंगातील सागरचित्र : लाट कशी रंगवावी?

वास्तवदर्शी सागरचित्रात सर्वांत अवघड भाग लाटेचा. डोंगर किंवा झाड चित्रकारासमोर स्थिर राहते. लाट मात्र काही क्षणांत उठते, फुटते आणि विरून जाते. म्हणून या चित्रप्रकारात निरीक्षण आणि स्मरण यांना हस्तकौशल्याइतकेच महत्त्व आहे. क्रिमियातील फिओदोसिया येथे जन्मलेला इव्हान ऐवाझोव्स्की (१८१७-१९००) आपली सागरचित्रे मुख्यतः चित्रशाळेत, स्मरणाच्या आधारे रंगवत असे. ‘नववी लाट’ हे त्याचे प्रसिद्ध चित्र १८५० मधील आहे. फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह कुर्बे याने १८६९ मध्ये एत्रता येथील किनाऱ्यावर लाटांचा अभ्यास केला आणि पाण्याचे वजन दाखवण्यासाठी पॅलेट नाईफने जाड रंग लावला.

लाटेची रचना

खोल समुद्रात लाट पुढे जाते, पण पाण्याचे कण जवळजवळ वर्तुळाकार फिरून आपल्याच जागी येतात. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झाले की लाटेचा तळ मंदावतो, माथा पुढे झुकतो आणि लाट फुटते. सौम्य उताराच्या वाळूवर फेस माथ्यावरून ओघळत येतो. तीव्र उतारावर माथा कमानीसारखा वळून कोसळतो. चित्रातील किनारा कोणता, हे ठरल्याखेरीज लाटेचा आकार ठरत नाही.

प्रकाश आणि रंग

क्षितिजाकडचे पाणी मुख्यतः आकाश प्रतिबिंबित करते, म्हणून ते आकाशाचा रंग घेते. आपल्याकडे वळलेल्या लाटेच्या उभ्या अंगात मात्र पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो. सूर्य लाटेच्या मागे असेल तर माथ्याखालच्या पातळ पाण्यातून प्रकाश आरपार येतो आणि तेथे उजळ हिरवी झाक उमटते. फेस सर्वत्र पांढरा नसतो. सावलीतील फेस निळसर करडा किंवा जांभळट असतो. शुद्ध पांढरा रंग उन्हातील मोजक्या ठिकाणांसाठी राखून ठेवावा. पावसाळ्यात मांडवी आणि जुवारीच्या मुखाशी नद्यांनी आणलेल्या मातीने पाणी गढूळ होते; तेथे निळ्याऐवजी यलो ऑकर आणि रॉ अंबर उपयोगी पडतात.

रंगकामाचा क्रम

क्षितिजरेषा पूर्णपणे आडवी आणि शक्यतो चित्राच्या मध्यापासून दूर असावी. टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट सिएनाने लाटेची मुख्य रेखा आणि छायाप्रकाश मांडावा. प्रथम आकाश, मग दूरचे पाणी, त्यानंतर लाटेचे गडद अंग रंगवावे. हे रंग ओले असतानाच माथ्याजवळ व्हिरिडियन, थोडा पिवळा आणि पांढरा मिसळून पारदर्शक भाग उजळावा. फेसाच्या जाळीदार रेषा लाटेच्या वळणानुसार वळवाव्यात. त्या सरळ ओढल्या तर लाट सपाट दिसते. उन्हातील जाड फेस आणि उडणारे तुषार सर्वांत शेवटी. खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे अधिक तेलाचे ठेवावेत. क्रम उलटा झाला तर पुढे रंगाला भेगा पडण्याचा धोका असतो.

काळजी

तैलरंग हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन वाळतो. दमट हवेत त्याला अधिक वेळ लागू शकतो, म्हणून दोन थरांमध्ये घाई करू नये. जवसाचे तेल लागलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप तापून पेट घेऊ शकतो. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या असाव्यात.

सरावासाठी एकाच खडकावर फुटणाऱ्या वीस लाटा पेन्सिलीने टिपाव्यात. प्रत्येक लाट वेगळी असली, तरी फुटण्याची रीत तीच असल्याचे हळूहळू ध्यानात येते. उधाणलेल्या समुद्राचा अभ्यास मात्र सुरक्षित अंतरावरूनच करावा. पावसाळ्यात ओल्या खडकांवर उतरणे जिवावर बेतू शकते.