शालेय विद्यार्थी आणि संशोधनाचा अनुभव : सेवाग्राम ते अल्लीपूर, एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

शालेय प्रयोगशाळेत विद्यार्थी जो प्रयोग करतो त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात आधीच छापलेले असते. उत्तर जुळले नाही तर विद्यार्थी चुकला असे मानले जाते, आणि बहुधा तो वहीत जुळणारे उत्तर लिहून मोकळा होतो. संशोधनात मात्र उत्तर विद्यार्थ्याला माहीत नसते आणि मार्गदर्शकालाही माहीत नसते. हा अनुभव पदव्युत्तर पायरीवरच मिळावा, की आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यालाही तो देता येईल, या प्रश्नाला भारतात वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे दिली गेली. प्रस्तुत लेखात या प्रयत्नांचा, विशेषतः महाराष्ट्रातील प्रयत्नांचा, मागोवा घेतला असून वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यात असलेल्या अल्लीपूरसारख्या गावातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्यांचा विचार केला आहे. अशा गावातील मुलापर्यंत यातील काय पोहोचू शकले आणि काय वाटेतच थांबले, हा या लेखाचा मुख्य प्रश्न होय.

वर्ध्याचा वारसा

या विषयाचा आरंभ वर्ध्यापासून करण्यास सबळ कारण आहे. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षअखेर मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा सादर केला. हा आराखडा सूतकताईपुरताच होता असा समज आजही आढळतो. तो अपुरा आहे. समितीच्या अभ्यासक्रमात सामान्य विज्ञानाला स्वतंत्र स्थान होते. निसर्गनिरीक्षण, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, शरीरविज्ञान, रसायन आणि ताऱ्यांची ओळख हे विषय त्यात समाविष्ट होते. पुढे आशादेवी व ई. डब्ल्यू. आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्राम येथे नई तालीमचे काम उभे केले.

संशोधनाला लागणारी बरीच सामग्री या पद्धतीत होती. हाताने काम करणे, मोजणे, नोंद ठेवणे आणि भोवतालच्या वस्तूंवरून शिकणे हे तिचे अंग होते. परंतु सुताच्या मोजमापाचा उपयोग प्रामुख्याने उत्पादन व स्वावलंबन यांचा हिशेब मांडण्यासाठी झाला. एका जातीच्या कापसाचे सूत दुसरीपेक्षा अधिक का तुटते, यासारखा खुला प्रश्न मुलांपुढे ठेवून त्याचा पाठपुरावा करणे हा त्या हिशेबाचा हेतू नव्हता. नई तालीमच्या वाट्याला बरीच टीका आली, तिच्यातील काही अन्याय्यही होती. पण ही उणीव मात्र मान्य करावी लागते.

प्रज्ञाशोधाचे पर्व

स्वातंत्र्योत्तर काळात विचाराची दिशा बदलली. विज्ञानासाठी निवडक बुद्धिमान मुले शोधून काढावीत हा विचार पुढे आला. अमेरिकेत 1942 पासून वेस्टिंगहाउस विज्ञान प्रज्ञाशोध स्पर्धा चालू होती व तीत विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या संशोधनाच्या अहवालाला महत्त्व होते. भारतात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने 1963 मध्ये दिल्लीपुरती आणि 1964 पासून देशभर राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू केली. लेखी परीक्षा व मुलाखत यांच्या जोडीला विद्यार्थ्याने प्रकल्प अहवाल सादर करावा अशी या योजनेत अट होती. योजनेचा हा भाग आज जवळपास विस्मृतीत गेला आहे. 10+2+3 आकृतिबंध आल्यानंतर योजनेचे रूपांतर राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेत झाले, इतर विद्याशाखा तिच्या कक्षेत आल्या, आणि निवड क्षमता-चाचण्यांवर होऊ लागली. कक्षा रुंदावली हे योग्यच झाले. मात्र प्रकल्प गेला. त्याच्या जागी आलेल्या बहुपर्यायी प्रश्नांची तयारी शिकवणीवर्गात करून घेता येते, प्रकल्पाची तशी येत नाही.

विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 1999 मध्ये आरंभिलेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना याच परंपरेतील. ती 2022 मध्ये इन्स्पायर योजनेत विलीन करण्यात आली, तर राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा 2021 नंतर स्थगित झाली.

मुंबई आणि पुणे

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी मुंबईच्या महापालिका शाळांतील विज्ञान अध्यापनात लक्ष घातले, आणि त्यातून 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना झाली. डॉ. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण माध्यमिक शाळांतही काम केले. वंचित स्तरातील मुलांबरोबर काम करताना केंद्राला जे आढळले ते अध्यापकवर्गाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मुलांची अडचण पुष्कळदा विज्ञानाची नसून पाठ्यपुस्तकाच्या भाषेची होती.

मार्गदर्शकासह संशोधन या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारा उपक्रम मात्र पुण्याचा आहे. डॉ. जयंत नारळीकर संस्थापक संचालक असलेल्या आयुका या संस्थेने 1993 पासून उन्हाळी सुट्टीत शालेय विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. पुण्यातील शाळांतून आलेली मुले आठवडाभर संस्थेत येत. चार-सहा मुलांचा गट एका शास्त्रज्ञाकडे सोपविला जाई. अभ्यासक्रम ठरलेला नसे. काय करायचे हे मुले व मार्गदर्शक मिळून ठरवीत, ग्रंथालय मुलांना खुले असे, आणि शेवटी प्रत्येकाला अहवाल लिहावा लागे. परीक्षा नव्हती, क्रमांकही नव्हता.

हा नमुना उत्तम खरा, पण तो शास्त्रज्ञाच्या दाराशी राहणाऱ्या मुलांसाठी होता. दूरच्या मुलांसाठी नारळीकरांकडे एक साधी युक्ती होती. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवावयास सांगत व स्वाक्षरीसह उत्तर धाडीत. अल्लीपूरच्या मुलालाही पोस्टकार्ड परवडत होते. पत्रातून शंकेचे निरसन होते, परंतु चुकलेल्या नोंदवहीवर बोट ठेवणारा माणूस पत्रातून येत नाही.

बालविज्ञान परिषद

हे अंतर ओळखणारा उपक्रमही 1993 मध्येच राष्ट्रीय पातळीवर आला. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत 10 ते 17 वयोगटातील मुले आपल्या परिसरातील समस्या निवडतात, मार्गदर्शक शिक्षकासह गटाने तिचा अभ्यास करतात, आणि जिल्हा, राज्य व राष्ट्रीय स्तरावर तो सादर करतात. प्रकल्प मातृभाषेत मांडता येतो. प्रयोगशाळा असलीच पाहिजे अशी अट नाही. गावची विहीर, शेत, नाला हीच प्रयोगशाळा. नई तालीमचा परिसर आणि प्रज्ञाशोधाचा प्रकल्प येथे एकत्र आले असे म्हणता येईल. सारी भिस्त मात्र मार्गदर्शक शिक्षकावर राहिली, आणि स्वतः कधी संशोधन न केलेल्या शिक्षकाकडून ते करवून घेण्याची अपेक्षा ठेवली गेली. अटल टिंकरिंग लॅबची योजना 2016 मध्ये आली तेव्हा निवडलेल्या शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. यंत्रे आली, पण मार्गदर्शकाचा प्रश्न तसाच राहिला.

अल्लीपूरचा हंगाम

शहरी नमुना अल्लीपुरात जसाच्या तसा न रुजण्याचे आणखी एक कारण आहे व त्याची चर्चा क्वचितच होते. उन्हाळी सुट्टीचा कार्यक्रम मे महिन्यात होतो. विदर्भात त्या वेळी शेत रिकामे असते आणि बाहेर उभे राहवत नाही. येथील संशोधनाचा खरा विषय, म्हणजे कापूस, सप्टेंबर ते डिसेंबर या काळात शेतात उभा असतो, आणि तेव्हा शाळा-महाविद्यालये चालू असतात. मुलाला शास्त्रज्ञाकडे नेण्याचा काळ आणि प्रश्न गावात हजर असण्याचा काळ असे जुळत नाहीत.

गुलाबी बोंडअळीचेच उदाहरण घ्यावे. 2017 च्या हंगामात तिने विदर्भातील कापसाचे अतोनात नुकसान केले. अळी बोंडात शिरल्यावर छिद्र बुजते, त्यामुळे बोंड फोडल्याखेरीज प्रादुर्भाव कळत नाही. म्हणून हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून नर पतंग मोजण्याची शिफारस आहे; सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आढळल्यास ती धोक्याची पातळी समजतात. अळी सरकीत सुप्तावस्थेत राहू शकते. त्यामुळे जिनिंगचे आवार, बांधावर रचलेली पऱ्हाटी आणि हंगामानंतर राखलेली फरदड ही पतंगांची उगमस्थाने मानली जातात. हिंगणघाट हे जुने कापूस केंद्र असून तेथे जिनिंगचा व्यवसाय आहे. पऱ्हाटीच्या ढिगापासून शंभर मीटरवरील शेतात पतंग आधी दिसतात काय, पाचशे मीटरवर किती दिवसांनी दिसतात, या विशिष्ट शिवारातील प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. नववीच्या पाच मुलांना ते शोधता येईल.

येथे मार्गदर्शकाचे काम नेमके कोणते, हे पाहण्यासारखे आहे. सर्व सापळे एकाच बनावटीचे व पिकापासून सारख्याच उंचीवर असावेत, ल्यूर ठरल्या दिवशी सर्वत्र एकदम बदलावेत, हे त्याने पाहायचे. ज्या सकाळी एकही पतंग सापडत नाही त्या सकाळी मूल रकाना रिकामा सोडते. तेथे शून्य लिहिण्यास त्याने शिकवायचे, कारण रिकामा रकाना म्हणजे न केलेले निरीक्षण आणि शून्य म्हणजे केलेले निरीक्षण. एका ढिगावरून निष्कर्ष काढता येत नाही, निदान चार-पाच ढीग हवेत, हेही त्यानेच सांगायचे. यासाठी पुण्याच्या वा मुंबईच्या शास्त्रज्ञाची आवश्यकता नाही. प्राणिशास्त्राचा व संख्याशास्त्राचा महाविद्यालयीन अध्यापक पुरेसा आहे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि वर्ध्याचे 1976 मध्ये स्थापन झालेले ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सल्ल्यासाठी हाकेच्या अंतरावर आहेत.

अशा कामाला सापळे, ल्यूर, मोजपट्टी आणि वही एवढे साहित्य लागते. ऑगस्टअखेर पऱ्हाटीच्या जुन्या ढिगांचा नकाशा काढून ठेवला, तर पाते-फुले लागण्याच्या सुमारास पहिली नोंद घेता येते, आणि शेवटची वेचणी होईपर्यंत सुमारे चार महिन्यांची रोजची आकडेवारी हाती येते.