पाबळचा विज्ञान आश्रम : हाताला काम, डोक्याला चालना

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ हे अवर्षणप्रवण पट्ट्यातले गाव आहे. इतिहासाची आवड असणाऱ्यांना ते मस्तानीच्या कबरीमुळे ठाऊक असते. शिक्षणात काम करणाऱ्यांना मात्र पाबळ म्हटले की विज्ञान आश्रम आठवतो. १९८३ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने चार दशके एकच गोष्ट लावून धरली आहे. गावाच्या खऱ्या गरजेचे काम मुलांच्या हाती द्यावे, म्हणजे विज्ञान आणि तंत्रज्ञान ती आपसूक शिकतात.

पायाभरणी

संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग हे पिंडाने संशोधक. इलिनॉय विद्यापीठातून अन्न तंत्रज्ञानात पीएच.डी. करून ते भारतात परतले आणि पुढे मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ पदावर पोहोचले. १९८२ मध्ये ती नोकरी सोडून पत्नी मीराताईंसह त्यांनी खेड्याची वाट धरली. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे पाठबळ मिळाले आणि पाबळला काम उभे राहिले.

शाळा सुटलेल्या मुलांना बुद्धी कमी असते, हे कलबाग सरांना कधीच मान्य नव्हते. लहान मूल बोलायला, चालायला करून करून शिकते. शिकण्याची ही नैसर्गिक रीत शाळेच्या उंबरठ्यावर सोडून द्यावी लागते, म्हणून मुले मागे पडतात, असे त्यांचे निदान होते. यावरचा उपाय म्हणजे ‘मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञान’ हा एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चारही विभागांत प्रत्येक विद्यार्थी आळीपाळीने काम करतो. मुलींनी वेल्डिंग करायचे आणि मुलांनी स्वयंपाक शिकायचा, हा इथला रोजचा शिरस्ता. या अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यताही मिळाली.

फाटकातली भूमिती

इथली शिकण्याची पद्धत कळायला एक साधे काम पुरेसे आहे. समजा, कुणा शेतकऱ्याला गोठ्याचे लोखंडी फाटक हवे आहे. विद्यार्थी जागेवर जाऊन मापे घेतात, कागदावर आकृती काढतात. अँगल किती फूट लागेल, कापताना तुकडे किती वाया जातील, वेल्डिंगचे रॉड, वीज, रंग, मजुरी असा सगळा हिशेब मांडून दर सांगतात. चौकट जुळवताना कोपऱ्याला गुण्या लावतात आणि मग दोन्ही कर्ण मोजतात. कर्ण सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. फळ्यावर डोक्यावरून गेलेली भूमिती इथे फाटक नीट बसण्यासाठी लागते, म्हणून ती पक्की होते. शिवाय गिऱ्हाईक पैसे मोजणार असल्यामुळे काम कसेतरी उरकून चालत नाही. गावाला रास्त दरात सेवा मिळते, विद्यार्थ्याला आपल्या कामाची किंमत कळते.

पाणी शोधण्याच्या कामातही हेच सूत्र दिसते. दुष्काळी भागात विहीर कुठे खणावी हा जीवनमरणाचा प्रश्न. जमिनीत एका रेषेत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन सळयांमधला विद्युतदाब मोजायचा. सळयांमधले अंतर वाढवत नेले की अधिक खोलवरच्या थरांचा अंदाज येतो. कोरड्या कातळाचा रोध जास्त, पाणी धरलेल्या थराचा कमी. अशी स्वस्त यंत्रे आश्रमात तयार झाली आणि ओहमचा नियम शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचला. त्रिकोणी चौकटी बोल्टने जोडून उभारलेले, मधे एकही खांब नसलेले ‘पाबळ डोम’ आणि जीपच्या जुन्या सुट्या भागांतून बनवलेला ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर याच कार्यशाळेतून निघाले.

गावातून शाळांकडे

शाळा सुटल्यावर मुलांना हात देण्यापेक्षा शाळेतच असे काम आणावे, या विचारातून आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आकाराला आला. आठवड्यातला एक दिवस मुले हातांनी काम करतात. रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासणे, मातीपरीक्षण, शोषखड्डा, वायरिंग, रोपवाटिका ही त्यातली काही कामे. शिकवायला गावातलेच कारागीर आणि आश्रमाचे माजी विद्यार्थी असतात. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने या विषयाला मान्यता दिली आणि ‘लेंड अ हँड इंडिया’सारख्या संस्थांच्या साथीने तो महाराष्ट्राबाहेरच्या शाळांतही गेला.

फॅब लॅबचे पर्व

२००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीचे प्रा. नील गेर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. संगणकावर आकृती काढायची आणि लेझर कटरने ती हुबेहूब कापून घ्यायची, सर्किट स्वतः बनवायचे, हे खेड्यातल्या मुलांच्या आवाक्यात आले. यंत्रे बदलली, रीत तीच राहिली. आधी गावाची अडचण समजून घ्यायची, मग तिच्यावर उपकरण बनवायचे. एलईडी दिवे, सौर वाळवणी यंत्रे, अंडी उबवण्याचे यंत्र अशी कामे या वाटेने पुढे गेली.

२००३ मध्ये कलबाग सर गेले. संस्थापकामागे संस्था थांबते, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. इथे डॉ. योगेश कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम नेटाने वाढवले.

पुढची वाट

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा ‘दप्तराविना दिवस’ सुचवले आणि व्यवसाय शिक्षणाला मुख्य प्रवाहात जागा दिली. पाबळला जे १९८३ पासून चालू आहे, त्याला आता देशाच्या धोरणात स्थान आहे. मात्र थ्रीडी प्रिंटर विकत घेऊन कुलपात ठेवणाऱ्या शाळेला यातून काहीच साधणार नाही. कच्च्या मालासाठी दरवर्षी तरतूद हवी, गावातल्या गवंड्याला आणि इलेक्ट्रिशियनला वर्गात मानाने बोलवायला हवे आणि मुलांनी केलेले काम कुणाच्या तरी खरोखर उपयोगी पडायला हवे. या तीन गोष्टींना मोठी इमारत लागत नाही. कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या होऊ शकतात आणि आधुनिक जगात पाय रोवून उभे राहायचे बळ मुलांना त्यातूनच मिळेल.