वर्णक्रम आणि यंत्र

शब्दकोश उघडणाऱ्या माणसाची भिस्त दोन गोष्टींवर असते : शब्द कोशात आहे आणि तो आपल्या जागी आहे. पैकी दुसरी गोष्ट ढळली, तर पहिली असून नसल्यासारखीच. संगणकातील माहितीच्या दप्तरांचा इतिहास याच सूत्राभोवती फिरतो.

यंत्राला अक्षर कळत नाही, अंक कळतो; म्हणून प्रत्येक अक्षराला एकेक अंक देण्यात आला. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या ‘आस्की’ संकेतात आकडे आधी, इंग्रजी मोठी अक्षरे नंतर. लहान अक्षरे १९६७च्या आवृत्तीत त्यांच्या मागे आली. आयबीएम कंपनीच्या १९६४च्या ‘सिस्टिम ३६०’ यंत्रांतील ‘एब्सिडिक’ संकेतात सारे उलट : आधी लहान, मग मोठी, शेवटी आकडे. एकच यादी दोन यंत्रांत दोन क्रमांनी लागे.

पुढे १९९१ साली सर्व लिप्यांसाठी एकच अंकमाला आली, ती ‘युनिकोड’. आता तंटा मिटला असे कोणी म्हणेल. पण अंक म्हणजे क्रम नव्हे. युनिकोडात ‘ल’चा अंक २३५४ आणि ‘ळ’चा २३५५, आपल्या वर्णमालेत मात्र ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. ‘क्ष’ला तर स्वतंत्र अंकच नाही, तो ‘क’, हलन्ताची खूण आणि ‘ष’ असा लिहिला जातो. केवळ अंकांवर विसंबलेली यादी ‘क्षमा’ला ‘क’च्या घरात नेऊन बसवते. दोन टिंबे दिलेला ‘ए’ स्वीडिश कोशात ‘झेड’च्याही पुढे जातो, जर्मन कोशात साध्या ‘ए’शेजारी राहतो. अक्षर तेच, अंक तोच, समाज निराळा.

यावर तोड निघाली ती अशी : क्रमासाठी निराळे कोष्टक ठेवायचे, आधी मूळ अक्षरे ताडायची, मग टिंबे-मात्रांसारख्या खुणा, मग लहानमोठेपणा, आणि प्रत्येक भाषेने त्यात आपला फरक नोंदवायचा.

पण कोष्टकही बदलते. २०१८ साली लिनक्स यंत्रांतील ‘जीलिबसी’ या मूलभूत संचाने आपले क्रमनियम बदलले. जुन्या नियमाने रचलेल्या ‘पोस्टग्रेस’ दप्तरांच्या सूच्या नव्या नियमाने चाळल्या जाऊ लागल्या आणि असलेली नोंद सापडेना. सूच्या नव्याने बांधाव्या लागल्या.

तात्पर्य, वर्णक्रम हा समाजाने आपसांत केलेला करार आहे. तो यंत्राला आपोआप उमगत नाही. ज्यांची भाषा, त्यांनीच तो नीट लिहून द्यावा लागतो.