परवानगी आणि हक्क

दिल्लीतील एका कार्यालयात मी आस्थापना शाखा सांभाळत असताना एका कनिष्ठ लिपिकाचा अर्ज माझ्यासमोर आला. सायंकाळच्या महाविद्यालयात पदवीसाठी प्रवेश घ्यायचा आहे, परवानगी मिळावी, एवढीच विनंती. मी ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून फाईल परत पाठवली. चर्चा झाली तेव्हा प्रवेशाची मुदत टळून गेली होती. नियम एकही मोडला नव्हता. एका माणसाचे वर्ष मात्र वाया गेले होते.

त्यानंतर मी या विषयाचा इतिहास चाळला. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात श्रमिकांसाठी रात्रशाळा काढली. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथील वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरदारास पुढे कचेरी गाठता येई. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले आणि १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षणसंस्थांनी आपले घड्याळ बदलले. कचेरीने काय केले?

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १९५५ च्या ज्ञापनाने फावल्या वेळातील ज्ञानार्जनास सामान्यतः हरकत नाही, असे मान्य केले. मात्र कार्यक्षमता घटता कामा नये, आणि दिलेली परवानगी कोणत्याही क्षणी, कारण न देता, काढून घेता येईल, अशी अटही घातली. पुढे केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मध्ये अध्ययन रजेची तपशीलवार तरतूद आली: साधारणतः पाच वर्षांची सेवा, एका वेळी सामान्यतः बारा महिने, संपूर्ण सेवेत चोवीस महिने, आणि परतल्यावर सेवेत राहण्याचे बंधपत्र. परंतु अभ्यासाचा कामाशी सामान्यतः निकटचा संबंध हवा. शिवाय याच नियमांत, रजा हक्क म्हणून मागता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. सवेतन शैक्षणिक रजेविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७४ चा करार (क्रमांक १४०) भारताने अनुसमर्थित केलेला नाही.

तात्पर्य, आपल्या व्यवस्थेत नोकरदाराचे शिक्षण ही सवलत आहे, हक्क नव्हे. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर चालते, आणि मर्जीस विलंब लागला तरी जाब विचारता येत नाही. प्रशासनाची निकड मी नाकारत नाही. एकाच शाखेतील चार जण परीक्षेस गेले तर टपाल कोण पाहणार, हा प्रश्न खराच आहे. पण प्रवेशाच्या मुदतीपूर्वी निर्णय देणे आणि नकाराचे कारण लेखी कळवणे, यासाठी नवा कायदा लागत नाही.

पुढील वर्षी त्याच लिपिकाचा अर्ज पुन्हा आला. मी त्याच दिवशी सही केली. परप्रांतात नोकरी करणाऱ्या माझ्या वाचकांपैकी काहींच्या टेबलावर आज असाच एखादा अर्ज असेल. त्यावरील मुदतीची तारीख कृपया आधी वाचावी.