कॉटन ग्रीन ते खामगाव

कॉटन ग्रीनमधला 'ग्रीन' म्हणजे हिरवा रंग नव्हे, मोकळं मैदान. इंग्रजांच्या मुंबईत कापसाच्या गाठी आधी फोर्टातल्या मैदानावर रचल्या जात. १८४४ मध्ये तो बाजार कुलाब्याला गेला आणि विसाव्या शतकात शिवडीजवळ, आमच्या वस्तीत आला. वर्गात हे सांगताना एका मुलाने विचारलं, "सर, पण कापूस यायचा कुठून?" म्हणून सुट्टीत खामगावला गेलो.

नागपूरच्या रेल्वेवर जलंबला उतरायचं, तिथून शाखा लाईनीने सुमारे १३ किलोमीटर. एवढ्याशा लाईनीच्या उद्घाटनाला १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. कारण कापूस. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि इथल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भावही कोसळला.

गाडीत शेजारी एक शेतकरी चाचा होते. मी उर्दूत कापसाचा भाव विचारला. त्यांनी वऱ्हाडीत उत्तर दिलं, "भाव त तुमच्या मुंबईतच ठरते ना, मास्तर?"

मी गप्प बसलो. तेव्हाही भाव लिव्हरपूल आणि मुंबईत ठरायचा, पिकवणाऱ्याला शेवटी कळायचा. आपण इतिहासात बाजार शिकवतो, गाठी शिकवतो. पेरणारा राहून जातो. शाळा उघडली की त्या मुलाला आधी चाचांचं उत्तर सांगणार आहे.