नकाराचे क्रियापद



‘नाही’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की तो क्रियापदासारखा चालतो, हे ध्यानात येत नाही. तू नाहीस, ते नाहीत, मी नव्हतो, त्या नव्हत्या. पुरुष, वचन, लिंग, काळ या सर्वांचा भार येथे नकार स्वतः वाहतो. इंग्रजीतील ‘नॉट’ला ही शक्ती नाही. म्हणूनच एका इंग्रज प्राध्यापकाने रचलेल्या भाषेत चालणारा नकार आढळला, तेव्हा मला विशेष कुतूहल वाटले.

जे. आर. आर. टॉल्किन १९११ साली ऑक्सफर्डच्या एक्सेटर महाविद्यालयात दाखल झाले. तेथील ग्रंथालयात फिन्निश भाषेचे एक व्याकरण त्यांच्या हाती लागले आणि त्या भाषेची त्यांना मोहिनी पडली. फिन्निशमध्ये नकार हेच सहायक क्रियापद आहे. ‘एन पुहु’ म्हणजे मी बोलत नाही, ‘एम्मे पुहु’ म्हणजे आम्ही बोलत नाही. मुख्य क्रियापद तसेच राहते, बदलतो तो नकार. १९१५च्या सुमारास टॉल्किननी ‘क्वेन्या’ या आपल्या कल्पित भाषेचा शब्दसंग्रह आरंभिला. पुढे १९३०नंतरच्या दशकातील धातुकोशात ‘उमिन’, म्हणजे मी नाही, हे रूप येते आणि त्याचा भूतकाळ ‘ऊमे’. फिन्निशमध्ये भूतकाळ मुख्य क्रियापद दाखवते. येथे तो नकारच दाखवतो, आपल्या ‘नव्हतो’प्रमाणे. यावरून मराठीशी नाते जुळवण्याचा मोह मात्र आवरलेला बरा.

मला अधिक मोलाचा वाटतो तो १९५९-६०च्या सुमारास लिहिलेला आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध. त्यात वस्तुस्थितीचा नकार आणि इच्छेचा नकार यांची मुळे वेगळी मानली आहेत. आपल्याकडे ‘नाही’ आणि ‘नको’ वेगळे आहेत, तसेच काहीसे. इच्छेच्या नकाराचे रूप ‘वा’. ‘वान’ म्हणजे मी करणार नाही, ‘वम्मे’ म्हणजे आम्ही करणार नाही. हे ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळणारे आहे. पुरुषाचे प्रत्यय याला लागतात ते एवढेच. दुसऱ्याच्या वतीने असा नकार देता येत नाही.

याच धातूपासून त्यांच्या कथाविश्वातील एका समाजाचे नाव निघाले. पश्चिमेकडे येण्याचे देवतुल्य सत्तांचे आमंत्रण ज्या एल्फांनी नाकारले आणि जे आपल्या भूमीतच राहिले, ते ‘अवारी’, म्हणजे नाकारणारे. हे नाव आमंत्रण स्वीकारणाऱ्यांनी ठेवले. मागे राहिलेल्यांची स्वतःसाठीची सहा नावेही टॉल्किननी नोंदवली आहेत. किंदी, ह्वेंती, पेन्नी ही त्यांपैकी काही. ती सारी ‘क्वेंदी’ या एकाच प्राचीन शब्दातून आलेली आहेत आणि त्या शब्दाचा परंपरेने दिलेला अर्थ आहे ‘बोलणारे’.